बाण नसलेला फोटो

एकतीस वर्षं मी लोकांचे गुडघे पाहिले. चेहरे त्या मानाने कमी पाहिले. कारंज्याच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो, आणि आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. त्यामुळे मी सगळ्यांचा ‘फोटोवाले भाऊ’ झालो. एकदा एका लग्नात नवरीच्या मामाने मला हाताला धरून स्टेजसमोर नेलं आणि सगळ्या पाहुण्यांना सरळ उभं राहायला सांगितलं. माझ्याजवळ कॅमेरा नाही हे कळल्यावर तो बराच नाराज झाला. जेवतानाही बोलला नाही.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. या अंकासाठी ‘कामातले अनुभव लिहा’ असं सांगणं आलं तेव्हा वाटलं, मोडलेल्या हातापायांवर लिहावं. ते सोपं आहे. हाड मोडतं, जुळतं, माणूस घरी जातो. पण लिहायला बसलो की डोळ्यांसमोर येतात ते बदललेले गुडघे. ते घरी जातात, दहा वर्षं चांगले नांदतात, आणि मग एक दिवस जीपमधून उतरून आमच्या दारात येतात.

आधी हे प्रकरण काय असतं ते सांगतो. लोक म्हणतात, ‘वाट्या बदलल्या.’ वाटी बदलणं हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे. खरं म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक झिजलेलं असतं. ते तासून खालून-वरून धातू बसवतात आणि धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये प्लास्टिकची एक जाड चकती घालतात. फोटोत धातू पांढराशुभ्र उमटतो. प्लास्टिक उमटतच नाही. त्याच्या जागी एक काळी फट दिसते, आणि ती फट म्हणजेच प्लास्टिक. थोडक्यात, जे झिजतं ते दिसत नाही. मी नोकरीतला निम्मा वेळ न दिसणाऱ्या वस्तूचे फोटो काढले असं म्हटलं तरी चालेल.

ही चकती हळूहळू झिजते, तिचा बारीक भुसा आत पडतो, आणि त्या भुश्याच्या नादात शरीर आपलंच हाड आतून खायला लागतं. गंमत अशी की हे सगळं चालू असताना दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बराच कार्यक्रम उरकलेला असतो. म्हणून डॉक्टरसाहेब प्रत्येकाला सांगायचे, दुखो न दुखो, वर्षा-दोन वर्षांनी एक फोटो काढून जा. आणि प्रत्येक जण बाहेर येऊन मला विचारायचा, “दुखत नाई तं फोटू कायले काढाचा, भाऊ?” या प्रश्नाला मी एकतीस वर्षांत निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. एकही कोणाला पटलं नाही.

जुना फोटोही जपून ठेवावा लागतो, कारण फट कमी झाली हे आधीची फट पाहिल्याशिवाय कसं कळणार? पण फोटोची फिल्म ही आमच्या भागात फार उपयोगी वस्तू होती. ग्रहण पाहायला घरोघरी तीच. एकाने तर गोठ्याच्या खिडकीला फुटक्या काचेच्या जागी आपला गुडघा लावला होता. आणायला सांगितल्यावर त्याने तो काढून आणला, पुसूनही आणला. डॉक्टरांनी उजेडावर धरला तेव्हा गुडघ्यावर म्हशीच्या शेपटाचे फटके स्पष्ट दिसत होते.

पोहरादेवीजवळच्या एका गावचे किसनराव आमचे जुने गिऱ्हाईक. गुडघा बदलण्याआधी त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला होता, “ग्यारंटी किती सालाची?” डॉक्टर म्हणाले, नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं जातो. किसनराव म्हणाले, “मोटरवाला तं लेखी देते.” लेखी मिळालं नाही तरी त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, आणि आठ वर्षं तो गुडघा त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीपेक्षा बरा चालला.

आठव्या वर्षी तुरीच्या कापणीनंतर शेतात फिरताना त्यांच्या तळपायात तुरीचं खुट, म्हणजे कापल्यावर जमिनीत उरलेलं टोकदार बूड, घुसलं. आमच्याकडे त्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. त्यांनी हळद भरली, फडकं बांधलं. पाय पिकला, मग बरा झाला असं वाटलं. महिन्याभराने त्याच पायाचा गुडघा टम्म सुजला आणि अंगात ताप भरला. डॉक्टरांनी सांगितलं, तळपायातला पू रक्तातून वर चढला आणि धातूवर जाऊन बसला. शरीराला आपल्या हाडातला जंतू मारता येतो, लोखंडावर चिकटलेला मारता येत नाही.

किसनराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, “जखम खाली, गुडगा वर. खालचं पानी वर चढवाले मले पाच हॉर्सपावरची मोटर लागते, डॉक्टरसाहेब. हे बिनमोटरचं कसं चढलं?”

नागपूरला नेऊन त्यांचा सगळा धातू काढावा लागला. दीड-दोन महिने आत औषधाचं सिमेंट भरून ठेवलं आणि मग पुन्हा नवा गुडघा. परत आले तेव्हा काढलेला जुना गुडघा त्यांनी मागून आणला होता, आणि तो बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगायचे, “पायात काटा मोडला तं आदी डॉक्टरकडे जा. नाई तं हे पाहून घे.” गावातल्या आरोग्याच्या सगळ्या फलकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा.

किसनरावांची गोष्ट मी चारचौघांत मजेने सांगतो, कारण तिच्यात माझी काही चूक नाही. दुसरी गोष्ट मी फारशी सांगत नाही.

त्यासाठी आधी पेटीबद्दल सांगावं लागेल. फट खरी किती उरली हे पाहायचं तर माणूस पायावर उभा पाहिजे. अंगाचा भार पडला की झिजलेली बाजू दबते आणि फट खरं बोलते. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत भार नसतो, धातू एकमेकांपासून सैल राहतो, आणि झिजलेला गुडघाही नव्यासारखा दिसतो. पण उभ्याच्या फोटोत एक अडचण असते. आमचं मशीन एका मर्यादेच्या खाली उतरत नसे. मशीन खाली येत नाही म्हटल्यावर गुडघा वर न्यायचा. म्हणून मी जुनं मशीन ज्या खोक्यातून आलं होतं त्याच्या फळ्यांची सुताराकडून एक पेटी करून घेतली होती. दोन पायऱ्या, वर रबराचा तुकडा, बाजूला धरायला दांडा. पेशंटने तिच्यावर चढायचं आणि मी फोटो काढायचा. उभ्याचा फोटो आहे हे डॉक्टरांना कळावं म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात मी शिशाचा छोटा बाण लावत असे, वर तोंड केलेला. फोटोत तो पांढरा उमटतो. बाण आहे, म्हणजे माणूस उभा होता. ही माझी पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. बाहेरगावचे डॉक्टरही म्हणायचे की कारंज्याचा फोटो असेल तर विचारावं लागत नाही.

कामरगावच्या पार्वताबाई या त्या पेटीवर सगळ्यांत ऐटीत चढणाऱ्या बाई. उजवा गुडघा बदललेला. गावात कोणाचंही कार्य असो, रोडग्यांचा आर त्यांच्या ताब्यात असे. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात, म्हणजे आरात, भाजायचे कणकेचे गोळे, आणि पाचशे माणसांचे रोडगे एकसारखे भाजणं हे डॉक्टरकीपेक्षा सोपं काम नाही. कच्चा राहिला तर पंगतीत नाव जातं. ऑपरेशननंतर खाली बसायला बंदी झाली, तेव्हा त्यांनी आराशी उभं राहून लांब काठीने रोडगे फिरवायला सुरुवात केली. मला म्हणाल्या होत्या, “आदी बसून शंभर माणसाचं पाहत होती. आता उभ्यानं सारं गाव दिसते.” उभं राहता येणं हे त्यांच्या लेखी सगळं काही होतं. दुखत नसतानाही त्या वर्षाकाठी फोटो काढायला यायच्या. संपूर्ण तालुक्यात असं करणाऱ्या त्या एकट्याच असतील.

त्या वर्षी त्या आल्या तो खंडेनवमीचा, म्हणजे दसऱ्याच्या आधीचा दिवस होता. आमच्या दवाखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. मी स्वतः पूजा करत नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आणि दसऱ्याला मी दरवर्षी रजा टाकून नागपूरला जायचो. पूजा करायच्या त्या आमच्या आयाबाई, सुमनताई. त्या भल्या सकाळी येऊन मशीनला झेंडूचा हार घालत, शिशाच्या एप्रनला कुंकू लावत, आणि माझी पेटी चौरंग म्हणून वापरत. तिच्यावर लाल कापड, कापडावर तांदूळ, कलश, नारळ, आणि कात्री-चिमट्यांपासून माझ्या बाणापर्यंत सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. माझ्या बाणाचा कोणी मान ठेवतंय म्हटल्यावर थोडं बरंच वाटायचं.

पार्वताबाई आत आल्या, हात जोडून नमस्कार केला आणि पेटीकडे पाहून थांबल्या. “चढू कशी आता?”

सुमनताई बाहेर गेल्या होत्या. पूजा उचलणं दोन मिनिटांचं काम होतं. पण ती मी उचलायची, हे मला जड गेलं. दुसऱ्या कोणी उचलली असती तर काही झालं नसतं. मी उचलली तर सुमनताई तोंडाने काही बोलणार नाहीत आणि मनात ठेवतील, असं मला वाटलं. वीस वर्षं एका खोलीत काम केलेल्या बाईंबद्दल मी असा विचार केला, हे आज लिहितानाही लाज वाटते. शिवाय बाहेर गर्दी होती, सगळ्यांना सणाच्या आधी घरी जायचं होतं.

मी म्हणालो, “काकू, आज झोपूनच काढू. एका वेळेनं काही होत नाही.”

“तुमाले समजते, भाऊ,” असं म्हणून त्या टेबलावर आडव्या झाल्या.

फोटो सुंदर आला. बाण पूजेत होता, आणि झोपलेल्या फोटोला तो लागतही नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. बाहेर साठ-सत्तर माणसं बसली होती. “फट चांगली आहे,” ते म्हणाले, “आता दोन-तीन वर्षं आला नाहीत तरी चालेल.” मी दारातच उभा होतो. तोंड उघडायला काहीच लागत नव्हतं. मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

पार्वताबाई खुशीत निघाल्या. जाताना सुमनताईंच्या पूजेतली दोन झेंडूची फुलं मागून नेली.

त्यानंतर त्या चार वर्षं आल्या नाहीत. मीही त्यांना विसरलो, असं लिहिलं तर खोटं होईल. पुढे दर खंडेनवमीला पेटीवर लाल कापड पाहिलं की एक क्षण आठवायच्या. मग मी दुसरं काम काढायचो.

चार वर्षांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. मी खोलीच्या दारातून त्यांची चाल पाहिली आणि फोटोची गरज उरली नाही. उजवा पाय गुडघ्यात आत वाकला होता आणि प्रत्येक पावलाला त्या कंबर झटकत होत्या. पेटीच्या दोन पायऱ्यांना त्यांना पाच मिनिटं लागली. मी बाण लावला, फोटो काढला. आता मशीनही नवीन होतं, फिल्म धुवायची गरज नव्हती, चित्र लगेच पडद्यावर आलं. आतल्या बाजूला फट नव्हतीच. धातू धातूला टेकला होता. त्याच्या खाली नडगीच्या हाडात काळा खड्डा पडला होता, आंब्याच्या कोयीएवढा.

डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. पार्वताबाईंनी तो साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता जपून आणला होता. इतका नीट ठेवलेला फोटो मी फार क्वचित पाहिलाय. डॉक्टरांनी तो पडद्यावरच्या नव्या फोटोशेजारी धरला.

“चार वर्षांत इतकं?” ते म्हणाले. “तेव्हा तर फट पूर्ण आहे. असं होत नाही सहसा. काकू, खाली बसत होत्या का? खरं सांगा.”

“नाई जी.”

“पडल्या होत्या कुठे?”

“नाई.”

“मग काहीतरी केलंच असेल तुम्ही.”

पार्वताबाई हळू आवाजात म्हणाल्या, “मांग नातवाच्या बारशाले पाटावर बसली होती एकडाव. दहा मिन्टं. त्यानंच झालं असंन.” आणि मुलाकडे न पाहता पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

माझ्या पायाखालची जमीन त्या दिवशी सरकली ती या वाक्याने. फोटोने नाही. ही बाई माझी चूक आपल्या अंगावर घेऊन बसली होती, आणि मी जर बोललो नसतो तर जन्मभर त्या दहा मिनिटांना दोष देत राहिली असती. डॉक्टरांना काही कळलं नसतं. जुन्या फोटोच्या कोपऱ्यात बाण नाही, ही गोष्ट जगात एका माणसाला दिसत होती.

मी म्हणालो, “साहेब, तो फोटो झोपून काढलेला आहे. मी काढला. कोपऱ्यात बाण नाही, पाहा.”

डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मला ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, “मीही पाहायला पाहिजे होता.”

पार्वताबाईंनी विचारलं, “मंजे काय झालं?”

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. भार पडल्याशिवाय फट खरी दिसत नाही, त्या दिवशी उभ्याने काढला असता तर झीज बहुतेक तेव्हाच दिसली असती, हाड खराब व्हायच्या आधी. तेव्हा नुसती मधली चकती बदलून भागलं असतं. आता सगळं काढावं लागणार, हाडात लांब दांड्याचा गुडघा घालावा लागणार. डॉक्टर मध्ये म्हणाले की खात्रीने असं सांगता येत नाही. ते खरंही असेल. मी काही त्याचा आधार घेतला नाही. पाटावर बसण्याने हे झालेलं नाही, हे मात्र मी त्यांना दोनदा सांगितलं.

“मंग उभ्यानं काहून नाई काढला त्या दिशी?”

“पेटीवर पूजा मांडली होती, काकू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मले सांगतलं असतं तं मी उचलली असती पूजा,” त्या म्हणाल्या. “खाली बसाची मनाई मले हाय, भाऊ. देवाले थोडीच हाय. दोन मिन्टं खाली बसला असता तो.”

मागे सुमनताई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच परत गेल्या, आणि थोड्या वेळाने औषधाच्या खोलीत डोळे पुसताना मला दिसल्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं, त्यांच्याबद्दल मनात काय आलं होतं तेसुद्धा. सुमनताई म्हणाल्या, “इतक्या सालात एवढंच वळखलं काय मले?”

नागपूरला मोठं ऑपरेशन झालं. पार्वताबाई सहा महिने वॉकरवर होत्या, मग काठीवर आल्या. खाल्लेलं हाड परत येत नाही, त्याच्या जागी काय घालायचं ते घालतात आणि माणूस उठतो. पण आराजवळ तासन् तास उभं राहणं संपलं. आता कार्य असलं की त्यांना आराशेजारी खुर्ची टाकून देतात आणि त्या तिथून सांगतात, कोणता रोडगा फिरवायचा. मुलगा म्हणाला, आई पहिल्यांदा खुर्चीवर बसून सांगत होती त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. हे त्याने मला सहज सांगितलं, त्याच्या मनात काही नव्हतं. माझं पुढचे काही दिवस जेवणावर लक्ष नव्हतं.

माझ्या नोकरीतली शेवटची खंडेनवमी आली. सुमनताईंनी त्या वर्षी लाल कापड खिडकीजवळच्या टेबलावर अंथरलं होतं. पेटी रिकामी, आपल्या जागी. बाणाला कुंकू लावून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला.

साडेदहाच्या सुमाराला जीप थांबली आणि पार्वताबाई उतरल्या. बोलावलेलं नव्हतं, फोटोची तारीखही पुढच्या महिन्यातली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत शेतातला झेंडू. मी म्हणालो, “काकू, आज सणाच्या दिवशी?”

“आजच काढाचा होता,” त्या म्हणाल्या.

काठी मुलाकडे देऊन त्या पेटीपाशी आल्या. पिशवीतून एक फूल काढून त्यांनी पेटीच्या खालच्या पायरीवर ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते उचलून बाजूला जमिनीवर ठेवलं. दांडा धरला. एक पायरी. थांबल्या, श्वास घेतला. दुसरी पायरी. मी हात पुढे केला तर नको म्हणाल्या. उभ्या राहिल्या, सरळ, दोन्ही पायांवर.

मी मागे जाऊन मशीन लावलं आणि पडद्याआड बटणाशी गेलो. “हलू नका,” मी म्हणालो. हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल माहीत नाही.

पार्वताबाई हलल्या नाहीत. समोरच्या भिंतीकडे पाहतच त्यांनी विचारलं, “भाऊ, बाण लावला काय?”